गिफ्ट पेपर न आणता दिवाळीच्या भेटी नीट कशा बांधायच्या

रद्दीच्या कागदात भेटवस्तू बांधायची म्हटली की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी अंदाजाने कागद कापायचा, मग खोका त्यावर ठेवायचा, कडेला दोन बोटं कमी पडलं की चिकटपट्टी ताणून भागवायचं आणि शेवटी सजावट म्हणून वरून ओला रंग लावायचा. मग कागद सुरकुततो, शाई हाताला लागते, कोपऱ्यातून मिठाईवाल्याचं नाव डोकावतं आणि पुढच्या वर्षी गुपचूप विकतचा चमकी कागद येतो. यात दोष कागदाचा नसतो. चमकी कागद चिवट असतो, त्यामुळे आपल्या चुका तो पोटात घालतो. वर्तमानपत्राचा कागद घालत नाही. म्हणून या लेखात माप आणि क्रम यांना जास्त जागा दिली आहे, सजावटीला कमी.

उदाहरणं दिवाळी-भाऊबीजेच्या नेहमीच्या भेटींची घेतली आहेत: मिठाईचा खोका, फराळाचा डबा, साडी, पुस्तक, समई, ओवाळणीचं पाकीट. वसई-गोव्याकडच्या नाताळच्या भेटींनाही हीच मापं चालतील.

## टप्पा १: आधी वस्तू, मग सामान

घरात जे सापडेल त्यात वस्तू कोंबायची नाही. वस्तू समोर ठेवा आणि तिला सरळ कडा आहेत का, ते बघा. कडा असतील तर कागद. पुस्तक, मिठाईचा खोका, फोटोफ्रेम, बुटांचा खोका हे सगळं यात आलं. कपड्यासारखी मऊ आणि खोका नसलेली वस्तू असेल तर कागदी पिशवी. गोल, उभी, टोकं असलेली किंवा जड वस्तू असेल, म्हणजे समई, बरणी, कुंडी, स्टीलचा डबा, तर कापड. समई कागदात बांधायचा हट्ट धरू नका. कितीही कौशल्य पणाला लावलं तरी तिचं टोक कागद फाडून बाहेर येतंच.

सगळ्या भेटींची एक यादी करा आणि प्रत्येकीसमोर «कागद», «पिशवी» किंवा «कापड» एवढंच लिहा. काय गोळा करायचं आणि किती, हे त्यावरून कळतं.

## टप्पा २: सामान गोळा करा आणि निवडा

वर्तमानपत्र. आठ-दहा दिवसांपूर्वीचं घ्या. आजचा पेपर हाताला शाई लावतो, जुन्यातली शाई बरीच बसलेली असते. पानं दोन्ही बाजूंनी वाचून घ्या. निधनवार्ता, श्रद्धांजलीचे फोटो, दहाव्या-तेराव्याच्या जाहिराती, अपघाताच्या बातम्या असलेलं एकही पान भेटीवर जाता कामा नये. ताईला पाठवलेल्या भाऊबीजेच्या खोक्यावर «दुःखद निधन» दिसलं, तर आत काय आहे याला काही अर्थ उरत नाही. शब्दकोडी, सुडोकू, लहान मुलांची पुरवणी, हास्यचित्रं, पानभर रंगीत जाहिराती ही पानं चांगली दिसतात. निविदांचं पानही चालतं: बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं असल्याने ते लांबून राखाडी छापील नक्षीसारखं वाटतं.

कॅलेंडरची पानं. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरात येते, म्हणजे तोवर निदान आठ-नऊ पानं रिकामी झालेली असतात. कालनिर्णयसारख्या तारखांच्या कॅलेंडरचा कागद पेपरपेक्षा मजबूत असतो आणि घडी झकास धरतो. तारखांची बाजू वर ठेवा, मागची लेखांची बाजू आत. ज्याला भेट द्यायची त्याच्या वाढदिवसाचा महिना उलटून गेला असेल तर तेच पान वापरा आणि त्या तारखेला लाल पेनाने गोल करा. यापलीकडे वेगळी सजावट लागत नाही.

सावधान: दुकानदार देतात ती देवादिकांच्या चित्रांची कॅलेंडरं वेष्टनाला घेऊ नका. वेष्टन फाडलं जातं, जमिनीवर पडतं, त्यावर पाय पडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना ते आवडत नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. लग्नपत्रिकांचंही तसंच. पत्रिकेचा कोरा पुठ्ठा नावाच्या चिठ्ठीसाठी उत्तम, पण गणपतीचं चित्र आधी कापून बाजूला ठेवा.

खाकी कागद. शाळेच्या वह्यांना कव्हर घालून उरलेला रोल बहुतेक घरांत असतोच. नसेल तर ऑनलाइन मागवलेल्या सामानाच्या खोक्यात चुरगाळून भरलेला खाकी कागद इस्त्री करून घ्या, किंवा कपड्याच्या दुकानातल्या खाकी पिशव्या जोडावर उलगडा. सगळ्यात चिवट आणि नवशिक्याला सगळ्यात सोपा कागद हाच. पहिल्यांदा करत असाल तर यानेच सुरुवात करा.

ब्लाउजपीस. हळदीकुंकवात आणि ओटीत आलेले ब्लाउजपीस कपाटात थप्पी करून पडलेले असतात. इकडून आले, तिकडे गेले, कधीकधी वर्षभराने पुन्हा आपल्याच घरी परत आले! त्यांना इथे खरं काम मिळतं, कारण असं वेष्टन फेकलं जात नाही, शिवलं जातं. त्याशिवाय सुती पंचा, नवा नॅपकिन, ओढणी, उपरणं, जुन्या सुती साडीचा न विरलेला भाग. खणाचं कापड असेल तर ते फक्त खास माणसासाठी ठेवा. तो खण स्वतःच भेट आहे.

दोरे. सुतळी, उरलेली लोकर, मिठाईच्या खोक्यावरचा सुती दोरा, विरलेल्या साडीचे काठ. काठाची पट्टी बाजारातल्या रिबिनीपेक्षा देखणी दिसते. फक्त कापलेल्या बाजूचे धागे सुटतात, म्हणून ती बाजू अर्धा सेंटिमीटर आत दुमडून इस्त्री करा.

तपासा: कागद मुठीत चुरगाळून सोडून बघा. चुरगळलेला राहिला तर तो नुसता कागद. आपोआप उलगडायला लागला तर त्यावर प्लास्टिकचा थर आहे. घरात पडलेले जुने चमकी कागद असेच असतात. ते पुन्हा वापरायला हरकत नाही, पण मैद्याच्या खळीने चिकटत नाहीत आणि रद्दीवालाही ते घेत नाही.

## टप्पा ३: वस्तू आवरून घ्या

किमतीचं लेबल काढा. ओलं फडकं लावून खरवडू नका. केस वाळवायच्या ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट दिली की लेबल अख्खं सुटतं. छापील किंमत निघत नसेल तर तिच्यावर कोऱ्या कागदाची चिठ्ठी डकवा.

पितळ-स्टीलची वस्तू कोरड्या फडक्याने पुसा. समईचे भाग फिरवून सुटे होतात, ते सुटे करा आणि प्रत्येक भाग जुन्या सुती कापडात वेगळा गुंडाळा, म्हणजे एकमेकांवर घासून ओरखडे पडणार नाहीत.

खोक्यात वस्तू हलते का, ते कानाशी धरून बघा. हलत असेल तर मोकळ्या जागेत पेपरचे बोळे भरा. झाकण वर उचललं जाईल इतके भरू नका. झाकण फुगलं की पुढचं सगळं माप चुकतं.

मिठाईच्या खोक्यावर प्लास्टिकची पातळ पारदर्शक फिल्म असेल तर ती काढून टाका. मिठाईच्या खोक्यांवर अशी फिल्म लावायला देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. आणि तुमच्या दृष्टीने कामाची गोष्ट म्हणजे तिच्यावर कागद घसरतो.

## टप्पा ४: माप घ्या

नव्वद टक्के फजिती इथेच होते, म्हणून हा टप्पा सावकाश करा. शिवणाची टेप घ्या. लाकडी पट्टीने खोक्याभोवतीचा घेर मोजता येत नाही.

नेहमीची पद्धत. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची मोजा. कागदाची एक बाजू हवी (रुंदी + उंची) × २, अधिक ३ सेंटिमीटर. दुसरी बाजू हवी लांबी, अधिक उंचीची दीडपट.

मिठाईचा खोका २० × १३ × ५ सेंटिमीटरचा आहे असं धरा. एक बाजू (१३ + ५) × २ + ३ = ३९. दुसरी बाजू २० + ७.५ = २७.५, म्हणजे २८. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं सुटं पान साधारण ५५ × ३५ असतं. म्हणजे एका पानात हा खोका आरामात बसतो आणि वर चिठ्ठीला पट्टी उरते.

दुसऱ्या बाजूच्या मापात लोक हमखास चुकतात. त्यांना वाटतं, कडेला जास्त कागद असला तर बरं. उलट आहे. कडेच्या पाळ्या उंचीपेक्षा मोठ्या झाल्या की घडी जाड होते आणि टोकं खोक्याखाली मुडपून बसतात. प्रत्येक बाजूला उंचीच्या पाऊणपट कागद पुरे.

तिरकी पद्धत. चौरस किंवा जवळपास चौरस खोक्यासाठी, विशेषतः कागद अपुरा असताना. खोक्याच्या वरच्या बाजूचा कर्ण मोजा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. त्यात उंचीची दीडपट मिळवा. तेवढ्या बाजूचा चौरस कागद कापा. १५ × १५ × ६ चा खोका असेल तर कर्ण साधारण २१, उंचीची दीडपट ९, म्हणजे ३० सेंटिमीटरचा चौरस. नेहमीच्या पद्धतीने याच खोक्याला ४५ सेंटिमीटर लांब कागद लागला असता. लांबट खोक्याला मात्र ही पद्धत वापरू नका.

कापडाचं माप. कापडाचा कर्ण वस्तूच्या सर्वांत लांब बाजूच्या निदान तिप्पट हवा. ८० सेंटिमीटरच्या चौरस कापडाचा कर्ण साधारण ११३ येतो, म्हणजे ३५ सेंटिमीटरपर्यंतची वस्तू त्यात बांधता येते. वस्तू उंच असेल तर याहून थोडं जास्तच धरा.

तपासा: कापण्याआधी कागद नुसता गुंडाळून बघा. चिकटपट्टी नाही, खळ नाही. सगळ्या बाजू झाकल्या जात असतील तरच कात्री घ्या. उघडण्याआधी खोक्याची वरची बाजू कागदावर जिथे येते तिथे चार कोपऱ्यांवर पेन्सिलीने हलके ठिपके द्या. पुढच्या टप्प्यात ते लागणार आहेत.

## टप्पा ५: सजावट आत्ताच, बांधल्यावर नाही

बांधून झालेल्या खोक्यावर रंग लावला की कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना सुरकुततो. चिकटपट्टीच्या कडाही सुटतात. म्हणून रंगकाम सपाट कागदावर, पेन्सिलीच्या चार ठिपक्यांच्या आत करायचं. बाजूंवर आणि तळावर रंग फुकट घालवू नका.

रंगकाम फक्त खाकी कागदावर करा. पेपर रंग शोषून चिंबतो, आणि कॅलेंडरच्या गुळगुळीत कागदावर पोस्टर कलर वाळल्यावर बोटाला येतो.

भेंडीचे ठसे. शाळेत सगळ्यांनी केलेले. जून भेंडी घ्या, कोवळी दाबली जाते. देठाकडून दोन बोटं सोडून सरळ आडवी कापा. कापलेली बाजू पेपरवर टिपून दहा मिनिटं तशीच राहू द्या, नाहीतर भेंडीचा चिकट रस रंगात मिसळतो आणि ठशाच्या कडा पसरतात. पोस्टर कलरमध्ये पाणी जवळजवळ घालूच नका. रंग बशीत न घेता स्पंजच्या तुकड्यावर पसरा आणि भेंडी त्यावर टेकवा. कागदावर सरळ खाली दाबा, सरळ वर उचला. फिरवली की फूल पुसलं. पहिला ठसा नेहमी गचाळ येतो, तो रद्दीवर घ्या.

पांढरा रंग खाकीवर सगळ्यात उठून दिसतो. वारली पद्धतीची चित्रं काढायची असतील तर गेरूच्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेषांचा भास याच कागदावर आयता मिळतो. ब्रशऐवजी टोक काढलेली बांबूची काडी किंवा टूथपिक वापरा. दोन त्रिकोणांचा माणूस आणि तारप्याभोवतीचा फेर एवढं पुरे; अख्खा पाडा काढत बसू नका.

सावधान: ओलं कुंकू किंवा हळद कागदावर आणि कापडावर वापरू नका. डाग साडीवर उतरतो आणि निघत नाही.

रंग बोटाला लागेनासा होईपर्यंत कागद सपाट वाळू द्या. पंख्याखाली ठेवलात तर कडांवर वजन ठेवा.

इथून पुढे वाट फुटते. टप्पा १ मधल्या यादीप्रमाणे तुमच्या वस्तूला लागू असलेला भागच वाचा.

## टप्पा ६ अ: खोका कागदात बांधणं

१. स्वच्छ, कोरड्या टेबलावर कागद पालथा घाला. खोका त्यावर उलटा ठेवा, म्हणजे जोड तळाला येईल.

२. खोक्याच्या लांब कडेवरून कागदाची एक कड खोक्यावर आणून दोन छोट्या चिकटपट्ट्यांनी खोक्यालाच चिकटवा. हे न केल्याने कागद सैल पडतो.

३. दुसऱ्या बाजूची कड अर्धा-एक सेंटिमीटर आत दुमडा, ताणून आणा आणि जोडावर चिकटवा. दुमडलेली कड दिसली की कात्री कितीही वाकडी चालली असली तरी झाकलं जातं.

४. आता खोक्याच्या प्रत्येक कडेवरून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरून शेवटपर्यंत ओढत न्या. याला अर्धं मिनिट लागतं, आणि घरगुती व दुकानी बांधणीतला फरक बहुतांशी इथेच असतो.

५. टोकाची बाजू: आधी डावी-उजवी पाळी आत, मग वरची खाली, शेवटी खालची वर. शेवटची पाळी टोकाला त्रिकोणी होते, तिचं टोक आत दुमडून चिकटवा.

वर्तमानपत्र असेल तर दोन पानं एकावर एक घ्या. एकेरी पान कोपऱ्यावर फाटतं आणि आतल्या खोक्याचा रंग दिसतो.

चिकटपट्टीऐवजी खळ वापरायची असेल, तर दोन चमचे मैदा एक वाटी थंड पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवा, मंद आचेवर ढवळत पळीवाढी करा आणि पूर्ण गार होऊ द्या. आकाशकंदिलासाठी करता तीच. बोटाने पातळ थर द्या, जास्त लागली तर फडक्याने टिपा. लावल्यावर पाच-दहा मिनिटं वरून पुस्तक ठेवा. खळ लावलेली भेट दोन-चार दिवस उघड्यावर ठेवायची असेल तर मात्र चिकटपट्टीच बरी. मुंग्या आणि झुरळं खळीला सोडत नाहीत.

तपासा: खोका उचलून सहाही बाजू बघा. कागद बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर तो सैल आहे. तळाचा जोड उघडून पुन्हा ताणा. वरून जास्तीच्या पट्ट्या मारून सैलपणा जात नाही.

## टप्पा ६ ब: कापडात बांधणं

ब्लाउजपीस बहुतेक ८० सेंटिमीटर ते १ मीटर लांबीचा असतो आणि क्वचितच चौरस. जास्तीची लांबी कापू नका. कापलं की त्याचा ब्लाउज होत नाही, आणि सगळी गंमत त्यातच आहे. जास्तीची पट्टी आत दुमडून इस्त्री करा, म्हणजे चौरस मिळेल.

१. कापड पालथं, शंकरपाळ्यासारखं तिरकं अंथरा. वस्तू मधोमध ठेवा.

२. तुमच्या बाजूचं टोक वस्तूवरून पलीकडे न्या आणि खाली खोचा. समोरचं टोक तसंच तुमच्याकडे आणा, उरलेला भाग नीट आत दुमडा.

३. डावं आणि उजवं टोक वर घ्या. बुडाशी चुण्या पडल्या असतील तर आधी हाताने ओढून सारख्या करा. गाठ मारल्यावर त्या सुधारत नाहीत.

४. गाठ: उजवं टोक डाव्यावर टाकून एक वेढा, मग जे टोक आता डावीकडे आलं आहे ते उजवीकडच्यावर टाकून दुसरा वेढा.

तपासा: गाठीची दोन्ही टोकं आडवी, एका रेषेत डावी-उजवीकडे पडली पाहिजेत. एक टोक वर आणि एक खाली गेलं असेल तर दोन्ही वेढे एकाच दिशेने पडलेत. अशी गाठ प्रवासात सुटते. दुसरा वेढा सोडून उलटा घ्या.

बरणी, कुंडी, छोटी समई अशा उभ्या वस्तू मधोमध ठेवून चारही टोकं वर घ्या आणि मानेपाशी सुतळीने तीन वेढे देऊन बांधा. कापड सुळसुळीत असेल, म्हणजे सॅटिन किंवा सिंथेटिक, तर सुतळीच्या आधी एक रबर लावा. नव्या गडद सुती कापडाचा रंग जातो का, ते ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. जात असेल तर आत पांढऱ्या कागदाचा एक थर घाला.

## टप्पा ६ क: कपड्यांसाठी पेपरची पिशवी

मोठ्या आकाराच्या पेपरची जोडपानं, पूर्ण उलगडलेली, दोन घ्या आणि कडांना थोडी खळ लावून एकावर एक चिकटवा. साधारण ७० × ५५ चा जाड तुकडा मिळतो. तो आडवा ठेवा.

१. वरची कड ४ सेंटिमीटर आत दुमडा. दुमडीत जुन्या खोक्याची ३ सेंटिमीटर रुंद पुठ्ठ्याची पट्टी घाला. दोरी ओवायची भोकं याच पट्टीतून जाणार आहेत, नुसत्या कागदातून नाहीत. पट्टी बाजूंच्या घड्यांवर येऊ देऊ नका, समोरच्या आणि मागच्या बाजूला वेगळ्या घाला.

२. डावी-उजवी कड मध्ये आणून एकमेकींवर २ सेंटिमीटर चढवा आणि चिकटवा. ३४ सेंटिमीटर रुंदीची चपटी नळी तयार होते.

३. दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटरवर घडीची रेघ पाडा आणि बाजू आत ढकला. आता पिशवीला १० सेंटिमीटर जाडी आणि २४ सेंटिमीटर रुंदी आली.

४. बूड: खालून ८ सेंटिमीटरवर घडी घाला, उघडा, दोन्ही बाजूंचे त्रिकोण आत बसवा, मग समोरची आणि मागची पाळी एकमेकींवर चढवून चिकटवा. आतून पुठ्ठ्याचा तुकडा टाका, २४ × १० पेक्षा जरासा लहान.

खळ पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत काही घालू नका. रात्रभर राहू द्या. साडी, कुर्ता, टॉवेलचा जोड यांना ही पिशवी पुरते. स्टीलचा भरलेला डबा यात घालू नका, बूड टिकणार नाही.

## फराळ असेल तर वेगळे नियम

चिवडा, चकली, लाडू पेपरमध्ये किंवा कुठल्याही छापील कागदात थेट बांधायचे नाहीत, थोड्या वेळासाठीही नाही. छपाईची शाई खाण्यात उतरते. अन्नपदार्थ वर्तमानपत्रात ठेवायला आणि गुंडाळायला केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनुसार मनाईच आहे. तळणीचं तेल पेपरवर टिपायची सवयही या निमित्ताने सोडा.

फराळ हवाबंद डब्यात किंवा काचेच्या बरणीत, आणि वेष्टन बाहेरून. डब्याला कापडच बांधा. बेसनाचे लाडू, अनारसे यांचं तूप झाकणाच्या कडेने बाहेर येतं आणि कागदावर डाग पसरतो. झाकणाखाली बटर पेपरचा गोल तुकडा घातला की ते बरंचसं थांबतं. चकली आणि लाडू एकाच डब्यात घालू नका, चकली मऊ पडते. केळीच्या पानाचा मोह इथे टाळा. पानाला ओल असते. ते ताज्या, त्याच दिवशी खायच्या मिठाईखाली शोभतं, कुरकुरीत फराळाखाली नाही.

स्टीलचा डबा देताना आणखी एक गोष्ट. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत, निदान चमचाभर साखर घालून देतात. म्हणजे समोरच्यावर तुम्ही एक काम टाकताय. शेजारी, नात्यात ठीक. ऑफिसातल्या माणसाला किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्याला काचेची बरणी द्या आणि परत नको म्हणून सांगा.

## ओवाळणीचं पाकीट

५०० च्या सध्याच्या नोटेचं माप १५० × ६६ मिलिमीटर आहे. म्हणजे आतून १७ × ९ सेंटिमीटरचं पाकीट न दुमडलेल्या नोटेला पुरतं. ए-फोर आकाराचा एक जाडसर कागद घ्या, कॅलेंडरचा तुकडा उत्तम.

कागद उभा धरून खालून १० आणि २० सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा. दोन्ही कडांना दीड सेंटिमीटरची उभी पट्टी आखा. वरच्या आणि खालच्या भागातल्या पट्ट्या कापून टाका, मधल्या भागातल्या ठेवा. त्या आत दुमडा, त्यांवर खळ किंवा डिंक लावा, खालचा भाग वर आणून चिकटवा. वरचा भाग झाकण होतं. त्याचे कोपरे तिरके कापा.

एक रुपयाचं नाणं झाकणावर बाहेरून लावायचं असेल तर ते वजनाने झाकण खाली ओढतं. म्हणून झाकण बंद करून, ते पाकिटावर टेकलेलं असताना मधोमध डिंकाचा एक थेंब लावून नाणं बसवा आणि तासभर हात लावू नका.

## टप्पा ७: दोरी आणि नाव

दोरी खोक्याच्या लांबी-रुंदीच्या बेरजेच्या दुप्पट, अधिक उंचीच्या चौपट, अधिक गाठीसाठी ५० सेंटिमीटर घ्या. अंदाजाने तोडलेली दोरी नेहमी फुलाच्या गाठीलाच कमी पडते. दोरी वरून खाली न्या, तळाशी एकमेकींत अडकवून काटकोनात फिरवा, वर आणून गाठ मारा.

पेपरच्या वेष्टनावर छापील नक्षी आधीच भरपूर असते, तिथे एकाच रंगाची जाड सुतळी किंवा लाल लोकर. ठशांच्या खाकी कागदावर साडीचा काठ. तारखांच्या पानावर काहीही चालतं. झेंडूचं फूल किंवा आंब्याची डहाळी खोचायची असेल तर ती भेट देण्याच्या दिवशी सकाळी, देठ कोरडा पुसून. आदल्या रात्री खोचलेल्या झेंडूखाली कागदावर ओलसर पिवळा गोल उमटतो.

नावाची चिठ्ठी पत्रिकेच्या पुठ्ठ्याची करा आणि दोरीत ओवा, चिकटवू नका. बांधून झाल्याबरोबर नाव लिहा. एकाच रोलमधून दहा खोके बांधले की कोणता कुणाचा, हे दुसऱ्या दिवशी घरात कुणालाच सांगता येत नाही, आणि मग एखादा उघडावा लागतो.

## टप्पा ८: पोचवताना

एसटीने किंवा रेल्वेने नेणार असाल तर कागदी वेष्टनं पिशवीत उभी, एकमेकांना टेकवून ठेवा. सर्वांत वर कापडी गाठोडी. दिवाळीत कधीकधी पाऊसही पडतो, म्हणून बॅगेच्या तळाशी एक जुना टॉवेल घाला आणि कागदी खोके जमिनीवर ठेवू नका.

कुरिअर किंवा पोस्टाने पाठवायचं असेल तर वेष्टन केलेली वस्तू मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी बोळे भरून. पत्ता नेहमी बाहेरच्या खोक्यावर.

विमानाने परदेशी नेत असाल तर इथे बांधूच नका. सुरक्षा तपासणीत वेष्टन उघडायला लावू शकतात. इस्त्री केलेला ब्लाउजपीस आणि सुतळी बॅगेत सपाट ठेवा आणि पोचल्यावर बांधा. फ्रेमाँट किंवा डब्लिनमध्ये ऐनवेळी सुतळी कुठे मिळेल, हे शोधत बसावं लागणार नाही.

ऐनवेळी फाटलं तर: कोपरा फाटला की वरून चिकटपट्टी लावू नका, ती उजेडात चमकते. त्याच कागदाचा उरलेला तुकडा आतून सरकवून खळीने चिकटवा. कागद उरलेला नसेल तर फाटलेल्या जागेवरून साडीच्या काठाची पट्टी आडवी फिरवा आणि जोड तळाला घ्या. यासाठीच प्रत्येक कागदाची एक वीतभर पट्टी आणि हातभर दोरी भेट पोचेपर्यंत पर्समध्ये ठेवा.